कल्याणपूरहून मागे

गेल्या वर्षीच्या उत्सवात तिसऱ्या दिवशी मुलांची प्रश्नमंजूषा होती. प्रश्न विचारायचे काम कार्यकर्त्यांनी माझ्या गळ्यात घातले होते, कारण मला इतिहासाचे वेड आहे अशी एक (फारशी खरी नसलेली) समजूत आपल्या मंडळात आहे. "नानासाहेब पेशवे कोठे राहत असत?" या प्रश्नाला आठवीतल्या एका मुलीने "बिठूर" असे बरोबर उत्तर दिले, गुण मिळवले, पण ती खाली बसली नाही. म्हणाली, "काका, कानपूरचे शिपाई दिल्लीला निघाले होते ना? मग नानासाहेबांनी त्यांना परत का आणलं? दिल्लीला गेले असते तर आपण जिंकलो असतो का?"

मी म्हणालो, "पुढचा प्रश्न." सगळे हसले, तीही हसली. मला मात्र रात्री झोप लागेना. स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळी आली तेव्हा ठरवले, की एक वर्ष उशिरा का होईना, उत्तर द्यायचे.

मी काही इतिहासकार नाही. डिप्लोमा केलेला, रुळांवर उन्हातान्हात फिरणारा माणूस. पण नोकरीने आणून टाकले ते अशा गावात, की इतिहास टाळायचा म्हटले तरी टाळता येत नाही. आपल्या वृंदावन योजनेतून शहीद पथाला लागलो आणि कमता चौकापर्यंत गेलो की चिनहट जवळच. आलमबागेत कामाला जाणाऱ्या आपल्या कित्येकांना ठाऊकही नसेल, की जनरल हॅवलॉकची कबर तेथेच आहे. आणि कानपूर तर काय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर.

आपण मराठी माणसे येथे कोणी रेल्वेमुळे आलो, कोणी बँकेमुळे, तर चौकातले आपले गलाईवाले बंधू सोने गाळण्याच्या धंद्यामुळे. बिठूरला मराठी माणसे आली ती राज्य गेल्यामुळे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि सालिना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ते गंगाकाठी येऊन राहिले. त्यांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे धोंडोपंत, आपले नानासाहेब. मूळ गाव कर्जतजवळचे वेणगाव. (कर्जत म्हटले की आम्हा रेल्वेवाल्यांना बोरघाटाचे बँकर इंजिन आठवते, वडापाव आठवतो, नानासाहेब कोणाला आठवत नाहीत.) १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीने तनखा बंद केला. अझीमुल्ला खान दाद मागायला लंडनला जाऊन आले, पण काही उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांची झालेली दुर्दशा मात्र डोळ्यांनी पाहिली.

आता १८५७ चा मे महिना. १० तारखेला मेरठ पेटले, ११ ला दिल्ली गेली. कानपूरला सेनापती होता सर ह्यू व्हीलर, पन्नास वर्षे हिंदुस्थानात काढलेला म्हातारा. शिपायांची भाषा जाणणारा, त्यांच्यावर जीव असलेला. आसरा कोठे घ्यायचा हे त्याला ठरवायचे होते. शहराच्या एका टोकाला, नवाबगंजच्या बाजूला, गंगेकाठी पक्क्या भिंतींचे मॅगझिन होते. तेथे तोफा, दारूगोळा, सगळे होते. व्हीलरने ते सोडले आणि दुसऱ्या टोकाला, उघड्या माळावर दोन बराकी निवडल्या. त्यातल्या एकीचे छप्पर गवताचे. भोवती मातीचा बांध घातला, तो जेमतेम चार फूट उंच. पाण्यासाठी विहीर एकच, तीही उघड्यावर.

व्हीलर मूर्ख नव्हता. त्याचे गणित असे होते: शिपाई उठलेच तर खजिना लुटतील आणि सरळ दिल्लीला जातील, आपल्याकडे वळणार नाहीत. दोन-चार दिवस काढले की अलाहाबादच्या सडकेने मदत येईल, म्हणून ती सडक जवळ असलेली बरी. मॅगझिनमध्ये जाऊन बसलो तर शिपायांना वाटेल की साहेबाचा आपल्यावर विश्वास नाही, आणि नसलेली आग लागेल. खजिन्याच्या पहाऱ्याला तर त्याने २२ मेच्या सुमारास बिठूरहून नानासाहेबांचीच माणसे बोलावून घेतली. जूनच्या आरंभी त्याला इतका भरवसा होता, की आलेल्या गोऱ्या कुमकेतले पन्नासेक शिपाई त्याने लखनौला पाठवून दिले.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी विदर्भातल्या एका सेक्शनवर मी होतो. पावसाळ्याआधी एका भरावाच्या पायथ्याशी दगडी पिचिंग करायचे होते. नाला दरवर्षी पलीकडच्या काठाने वाहतो, गावातल्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितले, म्हणून मी ते काम यादीत खाली ढकलले. त्या वर्षी नाला अलीकडून आला. रात्री दोन वाजता गस्तीच्या गँगमनने लाल दिवा दाखवून मालगाडी थांबवली म्हणून मी आज हे लिहितो आहे. पूल बांधताना आपण पाणी नेहमी किती येते ते बघून थांबत नाही, जास्तीत जास्त किती येऊ शकेल ते बघतो. हे मला कॉलेजात शिकवले होते, आणि व्हीलरलाही कोणीतरी शिकवले असणारच. समोरचा काय करील यावर त्याने सगळा डाव लावला. समोरचा काय काय करू शकतो, हे त्याने मोजले नाही.

गंमत अशी, की पहिला दिवस त्याचे गणित बरोबर ठरले! ४ जूनच्या रात्री दुसरे घोडदळ उठले, मागोमाग पहिली पलटण. ५३ वी पलटण सकाळी आपल्या लाइनीत स्वयंपाकाला लागली होती, तिच्यावर व्हीलरच्याच हुकमाने तोफा चालल्या आणि जी पलटण अजून काठावर होती तीही गेली. सगळे नवाबगंजला जमले, खजिना फोडला, मॅगझिन ताब्यात घेतले आणि दिल्लीच्या वाटेला लागले. पहिला मुक्काम कल्याणपूर.

कल्याणपूर आज कानपूरचे उपनगर आहे. आयआयटी तिथेच. अन्वरगंजहून फर्रुखाबादकडे जाणाऱ्या लाइनीवर स्टेशन आहे, पुढे मंधना, आणि मंधन्याहून बिठूरचा फाटा फुटतो, त्या शेवटच्या स्टेशनचे नाव ब्रह्मावर्त. याच कल्याणपुरात शिपायांचे मन वळवण्यात आले. कोणी कोणाला वळवले याबद्दल एकमत नाही. एक बाजू सांगते, की अझीमुल्ला नानासाहेबांना म्हणाले, दिल्लीला गेलात तर बादशहाच्या दरबारातले एक सरदार व्हाल, येथे राहिलात तर धनी आहात. तात्या टोप्यांनी १८५९ मध्ये फाशीपूर्वी जो जबाब दिला त्यात उलटे आहे: शिपायांनीच नानासाहेबांना घेरले आणि बरोबर घेतले. जीव वाचवण्यासाठी दिलेला जबाब म्हणून तो सोडून द्यावा, तर तात्यांचा जीव त्याने वाचणार नव्हताच. मला वाटते दोन्हींत थोडे थोडे खरे असावे. दुकान लुटून निघालेल्या चार पलटणी आणि कधी रणांगण न पाहिलेला पस्तिशीच्या आतला एक गृहस्थ, यांत कोण कोणाचा पुढारी हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

६ जूनला शिपाई परत फिरले आणि व्हीलरच्या मातीच्या बांधावर तोफा सुरू झाल्या. बांधाच्या आत सुमारे नऊशे जीव, त्यात बायका-मुलेच साडेतीनशेच्या पुढे. लहान तोफा दहा. बाहेर मॅगझिनमधून काढलेल्या मोठमोठ्या तोफा, त्यांत चोवीस पौंडीसुद्धा. म्हणजे व्हीलरने सोडलेले मॅगझिनच त्याच्यावर उलटले. जूनचा कानपूरचा उन्हाळा आपण जाणतो. दिवसा विहिरीवर जाणे म्हणजे मरण. १२ जूनच्या सुमारास गवती छपराची बराक पेटली, औषधे त्यातच जळाली. मेलेल्यांना पुरायला जागा नाही म्हणून रात्री बाहेरच्या एका कोरड्या विहिरीत टाकत.

आणि तरीही तो चार फुटी बांध तीन आठवडे पडला नाही. २३ जून, प्लासीच्या लढाईला शंभर वर्षे पुरी होण्याचा दिवस, त्या दिवशी मोठा हल्ला झाला, तोही परतला. हजारोंनी असलेल्यांना आत का शिरता आले नाही? मला उत्तर एकच दिसते, की आत शिरायला हुकूम देणारा आणि तो मानणारा असा एक माणूस बाहेर नव्हता. पलटणी वेगवेगळ्या, सुभेदार वेगवेगळे. पहिले कोणी मरायचे हा प्रश्न प्रत्येक पलटण दुसरीवर टाकत होती.

आता ज्या गोष्टीकडे शाळेच्या पुस्तकात कोणी बघत नाही तिकडे येतो. ज्या ६ जूनला शिपाई कल्याणपुराहून मागे फिरले, त्याच ६ जूनला कानपूरपासून दोनशे किलोमीटरवर अलाहाबादची सहावी पलटण उठली. शहर गेले, मौलवी लियाकत अलींचा अंमल खुस्रोबागेतून सुरू झाला. पण गंगा-यमुनेच्या संगमावरचा किल्ला, त्यातले शस्त्रागार, इंग्रजांकडेच राहिले. तो राखायला होते काही म्हातारे गोरे गोलंदाज, थोडे स्वयंसेवक आणि कॅप्टन ब्रेझियरचे शीख. ११ जूनला कर्नल नील बनारसहून पोचला, बरोबर चाळीसेक माणसे. माणसे इतकीच, वर कॉलरा, बैल नाहीत, गाड्या नाहीत, कंत्राटदार पळालेले. अलाहाबादहून कानपूरकडे पहिली तुकडी, मेजर रेनॉची, निघाली ती ३० जूनला.

म्हणजे ६ ते ३० जून, चोवीस दिवस ही सडक रिकामी होती. कानपूरच्या शिपायांपैकी निम्मे जरी फतेहपूरपर्यंत पुढे सरकले असते, बैल-गाड्या ताब्यात घेतल्या असत्या, पांडू नदीचा पूल उडवून ठेवला असता, तरी किल्ला पडला नसता कदाचित, पण त्यातून बाहेर पडणे इंग्रजांना पावसाळाभर जमले नसते. मातीचा बांध कोठे पळून जाणार नव्हता. त्याला पाचशे माणसांचा वेढा आणि ती एक विहीर पुरेशी होती.

इंग्रजांची गणिते वाहतुकीवर चालली होती, आणि हा भाग मला आमच्या खात्यातला वाटतो. तेव्हा आगगाडी हावड्याहून राणीगंजपर्यंतच, सुमारे १९५ किलोमीटर. १८५५ मध्ये ती लाइन सुरू झाली. पुढे ग्रँड ट्रंक रोडने घोड्यांची डाक नाही तर बैलगाड्या. डाकेने दिवसाला दीड-दोन डझन गोरे शिपाई पुढे जात. लॉर्ड कॅनिंगने मेमध्येच कळवले होते, की अर्धी पलटण कानपूरला पोचवायला पंचवीस दिवस लागतील. नीलची माणसे हावड्याला जहाजातून उतरत होती आणि गाडी सुटायची वेळ झाली. रेल्वेवाले म्हणाले, गाडी थांबणार नाही. नीलने स्टेशनमास्तर, ड्रायव्हर आणि फायरमन यांना पहाऱ्यात बसवले आणि सगळी माणसे चढल्यावर गाडी सोडली! ही गोष्ट मी आमच्या ऑफिसात सांगितली तेव्हा ऑपरेटिंगचे एक सहकारी, मूळचे बाराबंकीचे, गंभीरपणे म्हणाले, "भाई साहब, डिटेन्शन किस डिपार्टमेंट के खाते में गया होगा?"

पण हाच नील बनारस-अलाहाबादला माणसे झाडांना टांगत होता, आणि रेनॉची तुकडी सडकेने जाताना तेच करत गेली. ही बातमी कानपूरला पोचत होती.

२५ जूनला व्हीलरला निरोप गेला: शस्त्रे ठेवा, नावांतून अलाहाबादला जा. २७ जूनला सतीचौरा घाटावर ते नावांत चढले आणि तेथे त्यांच्यावर गोळ्या चालल्या. वाचलेल्या बायका-मुलांना आणि फतेहगडहून आलेल्यांना बीबीघरात ठेवले. हॅवलॉक जवळ आला तेव्हा, १५ जुलैला, त्यांना मारून टाकले. सुमारे दोनशे. दुसऱ्या सकाळी विहिरीत टाकले. नानासाहेबांचा हुकूम होता की नव्हता, यावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. त्या वेळी पहाऱ्यावरच्या शिपायांनी हे काम करायचे नाकारले, मग शहरातून खाटीक आणि इतर माणसे आणावी लागली, ही गोष्ट मात्र इंग्रजांच्याच चौकशीत आली. मला हे लेखातून गाळता आले असते. उत्सवाच्या स्मरणिकेत असले कशाला, असे घरूनही सांगितले गेले. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलीला अर्धे सांगायचे नाही असे मी ठरवले आहे. शिवाय हिशेबाच्या दृष्टीनेही पाहा: बीबीघरानंतर इंग्रजी फौजेतला प्रत्येक शिपाई सूडासाठी चालू लागला, आणि तडजोडीचे दार कायमचे बंद झाले.

लखनौची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. येथे सर हेन्री लॉरेन्सने मे महिन्यापासूनच रेसिडेन्सीत धान्य, दारूगोळा भरायला घेतला होता. व्हीलरच्या नेमके उलटे. बंडाचे शिपाई बाराबंकीजवळ नवाबगंजला जमले होते, पण पुढे येत नव्हते. २८ जूनला कानपूर पडल्याची बातमी लखनौला आली आणि तेही हलले. आणि येथे सावध लॉरेन्स चुकला. पुढे थोडीच तुकडी आहे अशी खबर धरून तो ३० जूनला सकाळी सहा-सातशे माणसे, दहा तोफा आणि हत्तीने ओढायची एक आठ इंची हॉवित्झर घेऊन निघाला. गोऱ्या पलटणीच्या पोटात न्याहारीही नव्हती. कुकरैलच्या पुलापर्यंत पक्की सडक होती, तेथे थांबावे की पुढे जावे असा विचार झाला, आणि तो पुढे गेला. चिनहटला आमराईत समोर पाच-सहा हजार उभे होते. त्यांनी इस्माइलगंज गाव धरले आणि बगलेतून मारा केला. हिंदी गोलंदाज बाजू बदलून गेले, हॉवित्झर तेथेच राहिली, शंभरावर गोरे पडले. संध्याकाळपर्यंत रेसिडेन्सीला वेढा. २ जुलैला लॉरेन्सच्या खोलीत तोफगोळा फुटला, ४ ला तो मेला. तो गोळा त्याच हॉवित्झरचा होता असे सांगतात.

तरी रेसिडेन्सी टिकली, ती आधी भरलेल्या कोठारामुळे. त्यातही गंमत झाली. लॉरेन्सने पोहण्याच्या हौदात धान्य भरून ठेवले होते, ते त्याच्यामागून आलेल्या इंग्लिसला नीट ठाऊक नव्हते. अन्न संपत आले असे निरोप बाहेर जात राहिले, आणि सप्टेंबरात कुमक आत आल्यावर कळले की अजून पुष्कळ दिवसांचे धान्य पडून आहे. आमच्या स्टोअरला स्टॉक व्हेरिफिकेशनला जी मंडळी टाळाटाळ करतात, त्यांनी हे वाचावे.

नानासाहेब १ जुलैच्या सुमारास बिठूरला पेशवेपदावर बसले. ज्वालाप्रसाद फौज घेऊन अलाहाबादच्या सडकेला निघाले, म्हणजे जे जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचे ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. १२ जुलैला फतेहपूरला त्यांना वाटले की समोर फक्त रेनॉची लहान तुकडी आहे. हॅवलॉक त्याच पहाटे येऊन मिळाला होता. शिपायांच्या जुन्या बंदुका शंभर-दोनशे यार्डांच्या, समोर एन्फील्ड रायफली चार-पाचशे यार्डांवरून नेम धरणाऱ्या. ज्या रायफलीच्या काडतुसांमुळे सगळे पेटले तीच आता समोरून चालत होती. हॅवलॉकची माणसे त्या दिवशी शत्रूच्या गोळीने नव्हे, उन्हाने मेली. १५ जुलैला पांडू नदीच्या पुलाला सुरुंग लावलेला होता, पण तो घाईत लावलेला; कठडा उडाला, कमान तशीच उभी राहिली. पूलवाल्या माणसाला हे वाचून वाईट वाटते. महिनाभर वेळ असता तर कमानीच्या बुडाशी नीट लावता आला असता. १६ ला कानपूरबाहेर लढाई झाली आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉक शहरात शिरला.

व्हीलरच्या बांधाच्या जागी १८७५ मध्ये चर्च उभे राहिले, त्याचा आराखडा वॉल्टर ग्रॅनव्हिल या रेल्वेच्याच आर्किटेक्टचा. आणि त्याच उन्हाळ्यात बिहारमध्ये आरा येथे व्हिकर्स बॉइल नावाच्या रेल्वे इंजिनिअरने आपल्या बंगल्याजवळच्या लहान दुमजली इमारतीच्या कमानी विटांनी बुजवल्या, धान्य भरले. आत मिळून सत्तरच्या आत माणसे, बहुतेक शीख. आतच विहीर खणली आणि कुँवरसिंहांच्या फौजेपुढे आठवडाभर ते टिकले. तो शत्रूपक्षाचा, पण खात्याचा माणूस म्हणून मी त्याचे नाव घेतो. त्याने व्हीलरसारखा अंदाज बांधत बसायचे सोडून विटा मागवल्या.

आता त्या मुलीला उत्तर. बेटा, दिल्लीला गेले असते तर दिल्लीत आणखी तीन-चार हजार शिपाई वाढले असते. तेथे माणसे कमी नव्हती, एक डोके कमी होते. मला विचारशील तर कल्याणपुराहून मागे फिरणे ही चूक नव्हती. मागे फिरून कानपुरात थांबणे ही चूक होती. दोनशे किलोमीटर पुढे बघायला हवे होते, आणि बघणारा माणूस त्यांच्यात होता. येवल्याचे तात्या टोपे नोव्हेंबरात त्याच कानपुरावर चालून आले आणि त्यांनी जनरल विंडहॅमला शहराबाहेर रेटले. जूनमध्ये ते नानासाहेबांच्या पदरी होते, फौज त्यांच्या हाती नव्हती.

यंदा फेब्रुवारीत आम्ही चार कुटुंबे बिठूरला गेलो तेव्हा ती मुलगीही आईवडिलांबरोबर होती. घाटावर मी तिला सांगितले, की १७ जुलैच्या रात्री नानासाहेब कुटुंबासह येथून नावेत बसले. गंगेत जीव देतो, दिवा विझला की समजा, असे त्यांनी काठावरच्या लोकांना सांगितले होते म्हणतात. मध्यावर दिवा विझला, आणि नाव पलीकडे अवधच्या काठाला लागली. पुढे १८५९ मध्ये ते नेपाळच्या तराईत गेले आणि त्यानंतरचे कोणालाच नक्की सांगता आले नाही.

ती बराच वेळ पलीकडच्या काठाकडे बघत होती. मग तिने विचारले, "काका, अलाहाबादची लाइन तेव्हा असती तर?" मी म्हणालो, अलाहाबाद-कानपूर लाइन ३ मार्च १८५९ ला सुरू झाली, दोन वर्षांनी. ती म्हणाली, "नाही, पण ती कोणाच्या ताब्यात असती?"

यंदाही प्रश्नमंजूषा मीच घेणार आहे, असे कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवले आहे.